काळ्या मातीखालचा रेडॉन

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स गावी आम्ही घर घेतलं. यवतमाळहून आलेल्या आईने परसातलं ढेकूळ चुरून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर आपलीच माती!"

रंग तोच, कूळ वेगळं. आपली काळी बेसॉल्टची, आणि बेसॉल्टमध्ये युरेनियम अगदी नावापुरतं. इथे मातीखाली हिमनद्यांनी उत्तरेकडून खरडत आणलेला ग्रॅनाइट आणि शेलचा भुगा आहे. त्यातल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू. ना वास, ना रंग, पण वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. आयोवातल्या ९९ पैकी ९९ काउंटी, म्हणजे जिल्हे, ईपीए या अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात येतात, हे मला चाव्या हातात आल्यावर कळलं. घर घेताना शे-दीडशे डॉलर वाचवायला रेडॉनची टेस्ट मीच नको म्हटली होती.

मग दुकानातून रेडॉन मोजायचं कोळशाचं किट आणून बेसमेंटमध्ये टांगलं. आदल्या १२ तासांपासून सगळ्या खिडक्या बंद. तिसऱ्या दिवशी आईने मिरचीची फोडणी दिली, ठसका उठला आणि तिने स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. "घर असं कोंडून कुणाचं भलं झालंय?" किट वाया.

दुसऱ्या किटचा आकडा आला ९.८ पिकोक्युरी प्रति लिटर, हे हवेतल्या रेडॉनचं माप. ४ ला उपाय करा म्हणतात. शेजारणीकडे मात्र ३.१! गल्ली एकच, पण फरशीच्या भेगा आणि खालची माती ज्याची त्याची. थंडीत तापलेली हवा वर चढते आणि घर जमिनीतली हवा ओढून घेतं.

फरशीखालची हवा ओढून बाहेर सोडायची म्हणून कंत्राटदाराने बेसमेंटच्या फरशीला भोक पाडून बादलीभर माती उपसली. दूरच्या कोपऱ्यात दुसरं बारीक भोक पाडलं, पहिल्याला पंपाची ओढ लावली आणि या भोकाशी धुराची कांडी धरली. धूर आत जायला हवा होता. तो तिथेच घुटमळत राहिला. फरशीखाली खडीच नव्हती, नुसती चिकणमाती, तिच्यातून ओढ पुढे सरकेना. म्हणजे ओढायला दोन भोकं, दोन पाइप आणि खर्चही वाढीव. बेसमेंटमधल्या संपच्या, म्हणजे झिरपलेलं पाणी साठण्याच्या, खड्ड्यावर हवाबंद झाकण बसलं, माळ्यावर पंखा, आणि पाइप छपराच्या वर काढला.

पाइपवर लाल पाण्याची यू-नळी आहे. दोन्ही बाजूंची पातळी सारखी झाली की पंखा बंद पडला असं समजायचं. आई रोज सकाळी चहाआधी खाली जाऊन ती बघून येते.

नंतरच्या टेस्टला १.३ आला. दोन वर्षांनी पुन्हा करायची आहे, फोडणीचा बेत बघून.