बावीस माणसं, एक हॉल आणि हरवलेला सत्तेचाळीस

जुलैत सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. जेवणावळ नको, चारला चहा-वडे ठेवा, असं त्यांनीच बजावलं होतं. गच्चीवर खुर्च्या मांडायचं ठरलं. ठाण्यात, जुलैत, गच्चीवर! ही कल्पना कोणाची हे मी सांगत नाही, ते गृहस्थ हे वाचतात. व्हायचं तेच झालं. तीन वाजता आभाळ फुटलं आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात, सहा वर्षांच्या भाचीपासून ऐंशीच्या आत्यांपर्यंत, बावीस माणसं दाटीवाटीने बसली.

खेळांची माझी यादी तिथेच निम्मी झाली. संगीत खुर्ची बाद, कारण जागा नाही आणि निम्म्यांचे गुडघे दुखतात. दमशेराजही बाद. मागच्यांना काही दिसलं नसतं. जागेवरून न उठता जे खेळता येईल तेवढंच उरलं.

पहिला खेळ ताटाचा. ताटात वीस वस्तू मांडून वर रुमाल घातला होता. एक मिनिट ताट उघडं ठेवायचं, पुन्हा झाकायचं आणि आठवतील त्या वस्तू लिहायच्या. निरंजन, किल्ली, सुपारी, चिंचोका, सेफ्टी पिन, घड्याळाचा सेल असलं काहीबाही घरातूनच गोळा केलेलं. कॉलेजातली पोरं अकरा-बारावर अडकली. आत्यांनी सतरा सांगितल्या. कशा, विचारलं तर म्हणाल्या, "अगं, देवघरातलं आधी, मग फडताळातलं, मग शिवणाच्या डब्यातलं. घर आवरतो तसंच की." नंतर पोरांनी पुन्हा ताट मांडायला लावलं, वस्तू बदलून. आत्या पुन्हा पहिल्या.

मग मी मोठी चूक केली. वडे आणि हाउजीची तिकिटं एकदमच वाटली. पाच मिनिटांत तिकिटं तेलाने आरपार दिसायला लागली आणि पेन उमटेनात. सगळ्यांचे हात पुसून, नवी तिकिटं देऊन पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून खाणं आटोपल्याशिवाय कागद हातात द्यायचा नाही, हा माझा नियम. चहाचा कप चालतो, फक्त बिनसाखरेचे वेगळ्या ट्रेमध्ये हवेत. आमच्याकडे ते सात होते आणि दोन चुकीच्या हातात गेले.

हाउजी सगळ्यांना माहीत असते. तिकिटावर तीन ओळी, ओळीत पाच, म्हणजे पंधरा आकडे, १ ते ९० मधले. पुकारत होती नणंद. तिने "एकोणसत्तर" म्हटलं की भाची आईकडे बघायची, "सिक्स्टी नाइन" म्हटलं की आत्या. एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये तर मोठी माणसंसुद्धा गडबडली. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' आणलं तेव्हा मी तावातावाने विरोधात बोलले होते. त्या दिवशी मात्र नणंदेने शेवटी "साठ नऊ, सिक्स्टी नाइन" असं दोनदा पुकारायला सुरुवात केली आणि खेळ मार्गी लागला.

शेजारच्या काकूंचे चौदा आकडे कधीच कापले गेले होते. हवा होता फक्त ४७. पिशवी रिकामी होत आली तरी ४७ येईना. "नीट हलवा ती पिशवी," काकू दर दोन आकड्यांनी सांगत होत्या. तेवढ्यात जाऊबाईंचं फुल हाउस झालं आणि पितळेचा करंडा त्यांच्याकडे गेला. काकू हसल्या खऱ्या, पण दुसरा वडा काही घेतला नाही त्यांनी.

शेवटी गाण्याच्या भेंड्या. त्याला तयारी लागत नाही, पण नियम आधीच ठरवलेले बरे. 'ळ'ने सुरू होणारं गाणं आणायचं कुठून? आम्ही ळ आला तर ल, ण आला तर न, असं धरलं. तरीही ते आधी ठरलं होतं की नाही यावर दहा मिनिटं वाद झालाच. त्या वादात सासूबाईंचा आवाज सगळ्यात वर होता. पंचाहत्तरीची बाई सोफ्याच्या कडेला सरकून दिरांना "चीटिंग आहे ही!" म्हणते, हे ऐकायला मजा आली. साडेसातला पाऊस थांबला तरी कोणी उठलं नाही. आल्याचा चहा मला दुसऱ्यांदा टाकावा लागला.

मंगळवारी बाई केर काढत होत्या. सोफ्याखालून झाडूबरोबर एक सुपारी आली, एक पेन्सिल आली आणि ४७ ची सोंगटी. खेळाआधी सोंगट्या मोजायच्या असतात हे मला तेव्हा सुचलं. धीर करून काकूंना फोन लावला.

"सांगत होते ना मी!" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "करंडा केवढ्याला मिळाला गं?"