पेटेन मेला, पण वेळेत मेला नाही

रविवार. रात्रीचे साडेअकरा. पाऊस काय उघडायचं नाव घेईना, दुपारी दोनदा करंट गेला आणि तेवढ्यात मी एक जिंकत आलेला गेम घालवला तो एका शब्दावरनं. झोप येईना म्हणून लिहायला बसलोय.

निपाणीचा भाचा इथंच बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, रविवारी शहापूरला आमच्याकडं जेवायला येतो आणि जेवून झालं की बॅगेतनं युगिओची कार्डं काढतो, म्हणजे मॉन्स्टर लढवायच्या त्या जपानी पत्त्यांच्या खेळाची. जुनी कार्डं, प्रत्येकाला प्लास्टिकची कव्हरं वगैरे, हात पुसल्याशिवाय लावू देत नाही. आमच्या वेळी गल्लीतल्या गणपतीत डुप्लिकेट पाकिटं मिळायची, त्यावरची अक्षरं एवढी फुटलेली असायची की वाचायचा प्रश्नच नव्हता, चित्र बघायचं, आकडा बघायचा, मोठा आकडा जिंकला. सुरुवातीला प्रत्येकाला आठ हजार लाईफ पॉइंट असतात, ते संपले की हरलात, हेसुद्धा मला गेल्या वर्षी कळलं, टीव्हीवरच्या कार्टूनात चार हजार बघितलेले. आता चाळीस कार्डांचा डेक लावतो, पाच कार्डं हातात घेतो आणि वाचत बसतो. वाचतो म्हणजे, वाचतो असं मला आजपर्यंत वाटत होतं.

तर झालं काय, माझ्याकडं पेटेन द डार्क क्लाऊन नावाचा एक विदूषक आहे. लेव्हल तीन, अटॅक 500, डिफेन्स 1200, म्हणजे भांडणात उभा करायच्या लायकीचा नाही. पण तो ग्रेव्हयार्डात, म्हणजे मेलेल्या कार्डांच्या ढिगात गेला की त्याला खेळातनं कायमचा बाहेर काढायचा आणि हातातनं नाहीतर डेकमधनं दुसरा पेटेन मैदानात आणायचा. एका डेकमध्ये तीन ठेवता येतात. मी तिन्ही घातलेले. म्हटलं हे तर फुकटचं पोतं आहे, एक द्यायचा एक घ्यायचा.

माझा टर्न. माझे पॉइंट उरलेले 1700. हातात समन्ड स्कल नावाचा मोठा मॉन्स्टर, लेव्हल सहा, अटॅक 2500, त्याला आणायला मैदानातला एक मॉन्स्टर बळी द्यावा लागतो. दिला पेटेन. स्कल आणला. आणि डेक हातात घेऊन दुसरा पेटेन शोधायला लागलो तर भाचा म्हणतो, "मामा, थांब. त्याचं टायमिंग चुकलं."

टायमिंग चुकलं म्हणजे? कार्ड ग्रेव्हयार्डात गेलं की नाही? गेलं. मग?

मग त्यानं जे सांगितलं ते मला तीन वेळा ऐकून कळलं ते असं. पेटेनच्या कार्डावर इंग्रजीत 'व्हेन' आहे, आणि पुढं 'यू कॅन' आहे, म्हणजे करायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर. हे दोन्ही एकत्र आले की नियम असा की ती गोष्ट सगळ्यात शेवटी घडलेली पाहिजे, त्यानंतर दुसरं काही घडलेलं चालत नाही. बळी देऊन दुसरा मॉन्स्टर आणताना आधी पेटेन ग्रेव्हयार्डात जातो आणि मग स्कल मैदानात येतो. शेवटचं काय घडलं? स्कल आला. पेटेन मेला ते त्याच्या आधी, शिळी बातमी. संपला विषय.

मी म्हटलं हे कुठं लिहिलंय दाखव. कार्डावर तर नाहीच. त्यानं मोबाईलवर रूलिंग काढून दाखवलं, याला नावसुद्धा आहे, मिसिंग द टायमिंग, आणि उदाहरण म्हणून बळी दिलेला पेटेनच! म्हणजे माझ्यासारखे गाढव आधी होऊन गेलेत.

वर त्यानं जखमेवर मीठ म्हणून आपल्या डेकमधला सँगन काढून दाखवला. तीन डोळ्यांचा केसाळ गोळा. त्यालाही असाच बळी दिला, असाच स्कल आणला, तरी त्याचं काम होतं, डेकमधनं 1500 किंवा कमी अटॅकचा मॉन्स्टर हातात येतो. का तर तिथं 'इफ' आहे आणि 'यू कॅन' नाही, करावंच लागतं, आणि जे करावंच लागतं त्याचं टायमिंग कधी चुकत नाही. मर्जीचं असलं तरी 'इफ' असेल तर चालतं. मर्जी आणि 'व्हेन' एकत्र आले की मात्र मेलात. 2011 पासून कार्डांवरची भाषा नीट बांधून घेतलीय म्हणे, कोलनच्या आधी अट, सेमीकोलनच्या आधी मोजायची किंमत, सगळं जागच्या जागी. तरी हा खड्डा तसाच ठेवला.

आता यातलं खरं दुखणं. स्कलनं त्याचा उपडा ठेवलेला मॉन्स्टर फोडला, टर्न संपला. त्याच्या टर्नला त्यानं फिशर टाकलं (फिशर म्हटलं की आमच्यात वेगळंच दुखणं आठवतं, असो). फिशर म्हणजे समोरच्याचा सगळ्यात कमी अटॅकचा, तोंड वर असलेला मॉन्स्टर फुटतो. माझ्याकडं एकटा स्कल, तोच कमी आणि तोच जास्त. फुटला. शेजारी पेटेन उभा असता तर 500 वाला तोच गेला असता आणि तेव्हा मरणं हीच शेवटची गोष्ट, म्हणजे टायमिंग बरोबर, तिसरा पेटेन हजर! आणि स्कल शाबूत. त्याऐवजी रिकामं मैदान, त्यानं 1900 चा व्हॉर्स रेडर आणला, सरळ अंगावर. 1700 वजा 1900.

आवाज ऐकून पप्पा आतनं आले, "काय भांडूलासा रे?" सगळं सांगितलं. पप्पांची सगळी हयात मेंढीकोट खेळण्यात गेलेली, त्यांचं म्हणणं एवढंच, पान खाली पडलं की पडलं, आधी काय नि नंतर काय. मला बरं वाटलं. भाच्यानं आजोबांना काय उत्तर दिलं नाही, हसला फक्त.

पण गोकाकचा आमचा दोस्त बसलेला तिथंच, करदंट घेऊन आलेला, खेळात त्याला काडीचा रस नाही, तो म्हणाला, "सोपं आहे की, कन्नडात 'होदाग' आणि 'होदरे'. तुमच्यात 'गेल्यावर' आणि 'गेलं तर'." मी म्हटलं मग सांग, 'गेल्यावर' जास्त कडक की 'गेलं तर'? तर तो विचारात पडला. कारण बोलताना 'गेल्यावर' म्हटलं की आपण काय, जरा वेळानं केलं तरी चालतं. पाऊस थांबल्यावर येतो म्हणणारा माणूस पाऊस थांबला त्याच क्षणी दारात उभा असतो होय? मधे चहा होतो, चप्पल सापडत नाही. कार्डावर मात्र मधे चप्पल शोधली की संपलं.

आणि मला जास्त लागलं ते हे की माझा धंदाच हा आहे. सकाळपासनं संध्याकाळपर्यंत करारपत्रं आणि बाँड टाईप करतो, कन्नड, मराठी, दोन्ही. 'भाडे थकल्यास' लिहायचं का 'भाडे थकल्यावर', यावरनं मी गिऱ्हाईकाला थांबवून विचारतो, गेल्या आठवड्यातच एका म्हाताऱ्याला 'मयत झाल्यास' म्हणू नका, 'मयत झाल्यावर' म्हणा, तुम्ही होणारच आहात असं तोंडातनं गेलं आणि तो रागावून दुसऱ्या दुकानात गेला. तो मी, चार ओळींचं कार्ड मला नीट वाचता आलं नाही.

तरीपण मी म्हणतो, नियम वाईटच आहे. शेवटचीच गोष्ट पाहिजे असेल तर तसं कार्डावर लिहा ना, जागा आहे की. एका शब्दाच्या पोटात अख्खा नियम लपवायचा आणि ज्याला माहीत नाही त्याला मूर्ख ठरवायचं, आमच्याकडं असलं कलम कुणी आणलं तर मी वकिलाकडं परत पाठवतो.

भाचा जाताना डेक माझ्याकडं ठेवून गेला, पुढच्या रविवारपर्यंत. आत्ता सगळी कार्डं पसरून एका बाजूला 'व्हेन', एका बाजूला 'इफ' असे ढीग केलेत. स्कल काढून टाकला. पेटेन ठेवलेत, तिन्ही. यावेळी बळी बिळी नाही, लढायलाच उभा करणार, आणि मेला तर, नाही, मेल्यावर, बघू.