माधवराव, पण कोणते?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांमध्ये जुने कागद निघाले की त्यात हमखास एक नाव असतं: माधवराव. सनद असो, पावती असो, शाळेचा दाखला असो किंवा फ्रेम केलेला फोटो असो. घरातला कुणीतरी लगेच सांगतो, "हे आपले माधव महाराज." पुष्कळदा ते बरोबर असतं. पण दोनशेहून अधिक वर्षांत या नावाची इतकी मोठी माणसं आपल्या भागाशी जोडली गेली आहेत, की नुसत्या नावावर भरवसा ठेवला तर एकाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. म्हणून कोणता माधवराव कसा ओळखायचा, ते इथे तपशिलात लिहितो.

आधी माणसं. थोरले माधवराव पेशवे 1745 साली जन्मले, 1761 मध्ये पेशवे झाले आणि 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला गेले. सवाई माधवराव हे त्यांच्या धाकट्या भावाचे, नारायणरावांचे चिरंजीव. जन्म 18 एप्रिल 1774, मृत्यू ऑक्टोबर 1795. याच काळात उत्तरेत महादजी शिंदे होते. फारसी कागदांत आणि इंग्रजांच्या दप्तरांत त्यांचं नाव 'माधवराव शिंदे' असं येतं. पुढे ग्वाल्हेरच्या गादीवर 1886 ते 1925 माधवराव शिंदे. त्यांचे नातू माधवराव शिंदे, 1945 ते 2001, केंद्रात मंत्री होते. याशिवाय इंदूर आणि बडोद्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव, इंदूरचे सरदार माधवराव किबे आणि हिंदीचे माधवराव सप्रे.

सगळ्यात जास्त घोटाळा अठराव्या शतकात होतो, कारण तिथे एकाच वेळी दोन माधवराव हजर असतात. थोरल्या माधवरावांनी 1768 मध्ये शिंद्यांची सरदारकी महादजींच्या नावे कायम केली आणि पुढच्याच वर्षी उत्तरेची मोहीम धाडली. 1771 मध्ये दिल्ली हाती आली, 1772 च्या सुरुवातीला मुघल बादशहा शहाआलम तिथे परतला. या वर्षांच्या इंग्रजी कागदात 'माधवराव' दिसलं तर तो पेशवा की शिंदे, हे वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय ठरत नाही. हुकूम देणारा पेशवा, मैदानावर असणारा शिंदे, एवढी खूणगाठ बांधली तरी निम्मं काम होतं. 1792 चा गणेशखिंडीतला समारंभ तर याचा कळसच: बादशहाने दिलेल्या वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीच्या पदाची वस्त्रं महादजींनी सवाई माधवरावांना अर्पण केली. फारसीवरून किंवा इंग्रजीवरून भाषांतर करणारा बेसावध असेल, तर माधवरावांनी माधवरावांना वस्त्रं दिली असं वाक्य तयार होतं आणि वाचणारा चक्रावतो.

मराठी कागद असेल तर सुटका बरीच सोपी आहे. पेशव्यांच्या मुद्रेत वडिलांचं नाव येतं. थोरले माधवराव म्हणजे 'माधवराव बल्लाळ', कारण ते बाळाजींचे, म्हणजे नानासाहेबांचे पुत्र. सवाई माधवराव म्हणजे 'माधवराव नारायण'. तेव्हा मुद्रेतलं 'माधवराव' वाचून थांबू नका, पुढचा शब्द वाचा. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे 'माधवरावनारायण' एका दमात येतं आणि नवशिक्या पहिला तुकडा ओळखून खूश होतो. मुद्रेत छत्रपतींचं नावही असतं. साताऱ्याचे छत्रपती रामराजे, म्हणजे दुसरे राजाराम, 1777 च्या अखेरीस वारले आणि त्यांच्यामागे दुसरे शाहू आले, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या मुद्रेवर राजाराम नरपती आणि सवाई माधवरावांच्या पुढच्या वर्षांत शाहू नरपती. मुद्रा अर्धी पुसलेली असेल तर ही दुसरी खूण कामाला येते. महादजी मराठी पत्रव्यवहारात 'महादजी शिंदे' किंवा 'पाटीलबावा' असतात. मराठी पत्रात त्यांना कुणी 'माधवराव' म्हटलंय असं वाटलं, तर आधी आपलं वाचन तपासावं.

मुद्राच नसेल तर तारीख. या कागदांवर बहुधा सुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. एकक आधी, मग दशक, मग शतक, शेवटी हजार. इहिदे एक, इसने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. दशकांत सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. आता 'सलास सबैन मया व अलफ' घ्या: तीन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे 1173. त्यात 599 मिळवले की 1772. हा सन मृगाला बदलतो, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून मृगापर्यंत 600 मिळवायचे. म्हणजे हे वर्ष जून 1772 ते मे 1773 असं झालं आणि थोरल्या माधवरावांचा मृत्यू याच वर्षात बसतो. पुढचं 'अर्बा सबैन', म्हणजे 1174, हे जून 1773 ते मे 1774. सवाई माधवरावांचा जन्म या वर्षाच्या अगदी शेवटी. मधल्या दीड वर्षात पेशवा म्हणून कुणी माधवराव नव्हताच. त्या काळातल्या कागदात पेशवा माधवराव निघाला, तर एकतर तारीख चुकली आहे, नाहीतर मृत माणसाचा उल्लेख आहे. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सबा आणि सबैन यांची अदलाबदल. सात आणि सत्तर यांत घोळ झाला की कागद सरळ दुसऱ्या पेशव्याच्या काळात जाऊन पडतो. त्यामुळे हे शब्द पाठ करण्याच्या भानगडीत न पडता कागदावर लिहून समोर ठेवावेत.

आता ग्वाल्हेरकडे. लष्कर हे शहर महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांनी 1810 साली वसवलं. महादजींचा मृत्यू 12 फेब्रुवारी 1794 चा, पुण्याजवळ वानवडीला. म्हणजे लष्करातली कोणतीही इमारत किंवा पाटी महादजींनी स्वतः उभी केलेली असणं शक्य नाही. तिथलं 'माधव' हे नाव गादीवरच्या माधवरावांचं किंवा त्यांच्या नातवाचं. गादीवरच्या माधवरावांचा जन्म 20 ऑक्टोबर 1876 चा. वडील जयाजीराव 20 जून 1886 रोजी वारले तेव्हा हे जेमतेम नऊ वर्षांचे होते. 1894 च्या अखेरीस त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. तोवर कारभार कौन्सिलकडे होता. उज्जैनचं माधव कॉलेज 1890 चं. नाव त्यांचं हे खरं, पण तेरा वर्षांच्या मुलाने कॉलेज काढलं असं लिहू नये. नावाचा मान एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा, ही गोष्ट संस्थानी काळात सर्रास होती. पाटी वाचताना कुणाच्या 'नावे' आणि कुणाच्या 'हस्ते' हे दोन्ही टिपून घ्यावं.

दरबारच्या कागदांवर आणि तांब्याच्या नाण्यांवर विक्रम संवत असतो. आपल्याकडे संवत चैत्रात बदलतो. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 57 वजा करायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 56. माधवरावांची कारकीर्द म्हणजे संवत 1943 ते 1982. गुजराती पंचांगाची सवय असलेला माणूस संवत कार्तिकात बदलतो असं धरतो आणि चैत्र ते आश्विन या महिन्यांतल्या कागदांत एक वर्ष चुकतो. बडोद्याकडच्या नातेवाइकांनी लावलेल्या तारखा म्हणूनच पुन्हा तपासाव्यात.

सगळ्यात चिवट घोटाळा मात्र माधवरावांचा नाही, त्यांच्या वडिलांचा आणि मुलाचा आहे. वडील जयाजीराव, मुलगा जिवाजीराव. हिंदीत आणि इंग्रजीत या दोघांची नावं जयाजी, जियाजी, जीवाजी अशी कशीही लिहिली जातात. शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानातला जॉर्ज कॅसल पाहा. पर्यटनाच्या मजकुरात तो 1911 साली 'जियाजीराव शिंदे' यांनी पंचम जॉर्जसाठी बांधला असं वारंवार लिहिलेलं आढळतं. जयाजीराव 1886 मध्येच वारले. जिवाजीराव जन्मले 1916 मध्ये. 1911 साली गादीवर होते ते माधवराव. दोन सनावळ्या शेजारी ठेवल्या की पाच मिनिटांत उलगडणारी गोष्ट, आणि तरी ती वर्षानुवर्षं एकाकडून दुसऱ्याकडे उतरवली जाते. शिवपुरीवर माधवरावांचा जीव होता. उन्हाळ्यात दरबार तिथे जाई, त्यांच्या आईची छत्री, म्हणजे स्मारक, त्यांनी तिथे उभारली आणि त्यांची स्वतःची छत्रीही तिच्यासमोरच आहे. अशा माणसाच्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलेलं पाहून वाईट वाटतं. उद्यान 2025 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, नव्या पाट्या लागतील, तेव्हा निदान हे दुरुस्त व्हावं.

आजोबा आणि नातू यांच्यात रेल्वेमुळे गोंधळ होतो. ग्वाल्हेरची नॅरोगेज, दोन फूट रुंदीची, आजोबांची. भिंड आणि शिवपुरीच्या फाट्यांवर 1899 च्या सुमारास गाड्या धावू लागल्या, श्योपूरचा सुमारे 200 किलोमीटरचा फाटा नंतर पुरा झाला. नातू 1986 ते 1989 रेल्वे राज्यमंत्री होते आणि शताब्दी एक्सप्रेस त्यांच्या काळात, 1988 मध्ये, नवी दिल्ली ते झाशी अशी सुरू झाली. 'माधवराव शिंद्यांनी रेल्वे आणली' या वाक्यात दोघेही बसतात, म्हणून त्या वाक्यात साल घातल्याशिवाय ते लिहूच नये. राज्यकर्ते मात्र नातू कधीच नव्हते. संस्थान 1948 मध्ये मध्यभारतात विलीन झालं, तेव्हा ते तीन वर्षांचे होते. त्यांच्या सहीची दरबारी सनद कुणी दाखवली तर ती खरी नाही.

'पहिले' आणि 'दुसरे' या क्रमांकांवर विसंबू नका. काही पुस्तकं महादजींना पहिले माधवराव धरतात, मग 1886 चे दुसरे होतात. काही 1886 च्यांना पहिले म्हणतात आणि नातवाला दुसरे. दोन पुस्तकांतून 'माधवराव दुसरे' उचलून एका लेखात घातले की दोन माणसं एक होतात. त्यापेक्षा वडिलांचं नाव जोडावं: माधवराव जयाजीराव आणि माधवराव जिवाजीराव. आपल्याकडे पूर्ण नाव लिहायची हीच रीत आहे आणि ती इथे उत्तम चालते.

'सर' ही पदवीही फसवते. ग्वाल्हेरचे महाराज 'सर' होतेच, पण 1873 ते 1882 या काळातल्या इंदूर-बडोद्याच्या कागदांतले 'सर माधवराव' म्हणजे टी. माधवराव. कुंभकोणमला जन्मलेले तंजावरी मराठी देशस्थ. 'टी' म्हणजे तंजावर. त्रावणकोरची दिवाणगिरी 1857 ते 1872, मग इंदूरला तुकोजीराव दुसऱ्यांकडे, आणि 1875 पासून 1882 पर्यंत बडोद्यात सयाजीराव तिसरे अल्पवयीन असताना. बडोद्यात मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली त्या आयोगावर आपले जयाजीराव आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव होते, आणि त्यानंतर कारभार हाती घ्यायला आले हे माधवराव. बडोद्याच्या 1875 च्या कागदात शिंदे आणि माधवराव असे दोघेही भेटतात ते यामुळे. तिथे शिंदे म्हणजे जयाजीराव, माधवराव म्हणजे दिवाण. ग्वाल्हेरच्या माधवरावांचा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

किबे आणि सप्रे यांच्याबाबत थोडक्यात. दोघेही ग्वाल्हेरच्या महाराजांचे समकालीन, म्हणून वाचनालयाच्या जुन्या यादीत 'माधवराव' एवढंच असेल तर विषय पाहा. 1926 च्या मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माधव विनायक किबे; महाराज 1925 मध्येच गेले होते. 'छत्तीसगढ मित्र'चे संपादक आणि टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद करणारे ते माधवराव सप्रे.

फोटोचा प्रश्न सोपा आहे. पेशवे आणि महादजी यांचे फोटो असूच शकत नाहीत, चित्रंच असतात. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं प्रसिद्ध चित्र जेम्स वेल्सचं. शिंदेशाही पगडीतला कॅमेऱ्याचा फोटो असेल तर मागची बाजू पाहा. स्टुडिओचा शिक्का किंवा माउंटवरचं नाव चेहऱ्यापेक्षा जास्त सांगतं. फ्रेम उघडताना काचेला चिकटलेला फोटो ओढू नये, वरचा थर काचेवरच राहतो. तसाच काचेसकट स्कॅन करावा.

कागद स्कॅन केलात तर फाईलला नुसतं 'माधवराव' नाव देऊ नका. आधी इसवी सन, मग कागदावर दिसतो तसाच मूळ सन, मग नाव वडिलांच्या नावासकट, मग गाव, शेवटी प्रकार: '1908, संवत 1965, माधवराव जयाजीराव शिंदे, लष्कर, पावती'. मूळ सन जसाच्या तसा ठेवला की वजाबाकी चुकली तरी पुढचा माणूस ती सुधारू शकतो. इंग्रजी दप्तरात शोधताना माधव राव, माधो राव, माधोजी, महादजी, महादाजी ही सगळी स्पेलिंगं, आणि आडनाव शिंदे, सिंदिया, सिंधिया असं प्रत्येक रूप घालून वेगवेगळं शोधावं लागतं. पेशव्यांसाठी 'माधव राव नारायण' आणि 'माधव राव बल्लाळ' हेही घालावं.