सोलर बॅटरीचे आकडे जुळत नाहीत? आधी सीटी तपासा

जर्मनीत आता छपरावरच्या पॅनेलसोबत तळघरात बॅटरी असणं नेहमीचं झालंय. कारण सरळ पैशाचं आहे. ग्रीडला दिलेल्या युनिटचे सुमारे 8 सेंट मिळतात आणि विकत घेतलेल्या युनिटला 30 सेंटच्या वर मोजावे लागतात. कोल्हापुरात नेट मीटरिंगमध्ये दिलेलं युनिट बिलातून वजा होतं, म्हणून तिकडे बॅटरी बसते ती मुख्यतः लाईट गेल्यावरच्या सोयीसाठी. पण घर रुईकर कॉलनीत असो की श्टुटगार्टला, अ‍ॅप आणि भिंतीवरचं मीटर यांचं पटेनासं झालं की कारणं बहुतेक तीच निघतात.

अ‍ॅपमधला ‘घरचा वापर’ बऱ्याच सिस्टीममध्ये कोणी मोजतच नाही, हे आधी लक्षात घ्या. इन्व्हर्टर स्वतःचं आउटपुट मोजतो. मेन लाइनवरचा सीटी, म्हणजे वायरभोवती बसवलेला करंट मोजणारा चिमटा, ग्रीडचं येणं-जाणं मोजतो. या दोन्हींच्या बेरीज-वजाबाकीतून घरचा आकडा काढतात. म्हणून वापर ‘उणे 700 वॅट’ दिसला की संशय थेट सीटीवर घ्यायचा.

चाचणी रात्री करा. बॅटरी स्टँडबायवर ठेवा, फ्रिज आणि मोटर बंद करा, आणि 1500 वॅटची इलेक्ट्रिक किटली पाण्याने भरून लावा. अ‍ॅपमध्ये ग्रीडकडून घेतलेली वीज साधारण 1500 ने वाढली तर सीटी ठीक आहे. उणे 1500 आलं तर चिमटा उलटा आहे. त्यावरचा बाण ग्रीडकडे हवा की घराकडे, हे कंपनीगणिक बदलतं. मॅन्युअल बघितल्याशिवाय फिरवू नका. उलट्या सीटीचा त्रास नुसत्या आकड्यापुरता राहत नाही. बॅटरी एसी बाजूला, म्हणजे स्वतःच्या इन्व्हर्टरने घरच्या वायरिंगवर जोडलेली असेल आणि घर 400 वॅट घेत असेल, तर इन्व्हर्टरला वाटतं 400 वॅट बाहेर चाललेत. ती ‘जादा’ वीज तो बॅटरीत भरायला लागतो. ग्रीडवरची ओढ 800 होते, त्याला 800 जादा वाटतात, तो आणखी भरतो. थोड्याच वेळात बॅटरी भर रात्री पूर्ण ताकदीने ग्रीडवर चार्ज होऊ लागते.

थ्री-फेज घरात ही चाचणी प्रत्येक फेजच्या सॉकेटवर वेगळी करा. किटली 1500 ची आणि आकडा उणे 750 आला, तर चिमटा एका फेजचा (समजा आर) आणि हिशोबाला धरलेला व्होल्टेज दुसऱ्या फेजचा (समजा वाय) अशी जोडणी झालीय असं समजा. फेजांमध्ये 120 अंशांचं अंतर असतं आणि त्याचा कोसाइन उणे 0.5, म्हणून बरोबर निम्मं आणि उलटं दिसतं. इथे बाण फिरवला तर आकडा अधिक 750 होईल, चिन्ह सुधारल्यासारखं वाटेल आणि चूक तशीच राहील. वायरमन घाईत असला की नेमकं हेच करतो.

सिंगल फेजवरही अधिक 750 आलं तर सीटीचा रेशो, म्हणजे तो करंट किती पटीने कमी करून दाखवतो ते, सेटिंगमध्ये तपासा. 100 अँपिअरला 50 मिलिअँपिअरचा सीटी म्हणजे 2000:1, तिथे 1000:1 भरलेलं असतं. आकडा थोडाच कमी येत असेल तर चिमट्याचं तोंड नीट बसलं नसेल किंवा मध्ये धूळ असेल. काहीच फरक पडला नाही तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच चिमट्यात गेलेत, किंवा तो लोड सीटीच्या अलीकडून, मीटरच्या बाजूने घेतलाय. बोअरची मोटर मागाहून जोडलेली असली की हे हमखास होतं. आणि आकडा मिनिटभर जराही हलत नसेल तर मोजमाप सोडा, सीटीचं मीटर आणि इन्व्हर्टर यांच्यातली आरएस-485, म्हणजे आकडे पोचवणारी डेटा वायर बघा. तिची ए आणि बी टोकं उलटी लागलेली असतात किंवा स्क्रू ढिला असतो.

जर्मन मीटर तिन्ही फेजांची बेरीज करतं. बॅटरी एका फेजवर 1500 वॅट देत असेल आणि किटली दुसऱ्या फेजवर तेवढेच घेत असेल, तर मीटरला शून्य. कोल्हापुरात थ्री-फेजवर सिंगल-फेज बॅटरी बसवणार असाल तर तुमचं मीटर हे कसं धरतं, हे महावितरणकडून आधी लेखी घ्या.

रात्री थोडी वीज बाहेर गेलेली दिसते त्यात बिघाड काही नाही. गिझर बंद झाला तरी बॅटरी क्षणभर तेवढीच देत राहते. 10 युनिट भरून 8.5 ते 9 परत मिळणंही ठीकच. इन्व्हर्टर स्वतः 50 वॅट खात असेल तर दिवसाला 1.2, महिन्याला 36 युनिट होतात. ही गळती बॅटरीच्या माथी मारली जाते.

बॅटरी किती भरलीय ती टक्केवारी 40 वरून एकदम 12 वर आली तर तो लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीचा स्वभाव आहे. मधल्या बहुतेक पट्ट्यात सेलचा व्होल्टेज 3.2 ते 3.3 च्या आसपासच राहतो, म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, आत-बाहेर गेलेला करंट मोजून अंदाज बांधतं आणि चूक साचत जाते. बॅटरी 100 टक्के भरली की हिशोब पुन्हा जुळतो. जर्मनीत डिसेंबर-जानेवारीत आणि कोल्हापुरात आषाढ-श्रावणात ती कधी पूर्ण भरतच नाही. दोन आठवड्यांतून एकदा ग्रीडवरून भरून तासभर तशीच ठेवा.

भिंतीवरचं मीटर तपासायचं तर त्यावरचा लाल दिवा मोजा. मीटरवर युनिटला 3200 पल्स (म्हणजे दिव्याची लुकलुक) छापलेले असतील आणि मिनिटात 32 वेळा लुकलुकला, तर 0.01 युनिट, म्हणजे 600 वॅट.

मीटरचं सील तोडू नका. 5 अँपिअर आउटपुटच्या सीटीच्या वायरी चालू लाइनवर सोडू नका, उघड्या टोकांवर जीवघेणा व्होल्टेज येतो. वायरमनला बोलावण्याआधी अ‍ॅप, इन्व्हर्टरचा डिस्प्ले आणि मीटरचे इम्पोर्ट-एक्सपोर्ट यांचे एकाच मिनिटातले फोटो काढा, किटली लावून आणि बंद करून, दोन्ही वेळा.