बाबा रिटायर कधी होणार?

आमच्या गावात आधी रिटायर म्हटलं की चारदोनच माणसं, गुरुजी, तलाठी, एसटीचे कंडक्टर, बास. ५८ झाले की शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो आणि दुसऱ्या दिवसापासून पारावर पेपर. बाकी गाव वावरात. शेतकऱ्याबद्दल फार तर "बुढा आता वावरात येत नाही" एवढंच म्हणायचे.

आता उलटंच झालंय. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, पण नोकरी १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाही. पगारातून १० टक्के कटते, सरकार १४ टाकते, शेवटी जमलेल्या रकमेतले ६० टक्के हातात अन् उरलेल्या ४० टक्क्यांची पेन्शन विकत घ्यायची, ती किती बसेल ते कोणी छातीठोक सांगत नाही. मार्च २०२३ च्या संपात मीही "एकच मिशन, जुनी पेन्शन" ओरडत बसलो होतो. आता सुधारित पेन्शन म्हणून पर्याय दिलेत, तर कोणता घ्यावा यावर मधल्या सुट्टीत रोज भांडणं. बायको म्हणते दोन एकर घेऊन ठेवा, म्हणजे मास्तर रिटायर होऊन शेती करणार! अन् ज्यांनी जन्मभर शेती केली ते बाबा मले विचारतात, "काऊन रे, मले पेन्शन काऊन नाही?"

काय सांगू? शेतकऱ्यांसाठी मानधन योजना आहे, साठीनंतर महिन्याले ३,०००, पण नाव नोंदवायचं १८ ते ४० मध्येच, बाबा ६७ चे. म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ पेन्शनसाठी घरचं उत्पन्न वर्षाले २१ हजाराच्या आत लागते. (२१ हजारात वर्ष कोण काढते हे एकदा कोणीतरी दाखवाच.) राहिले पीएम किसानचे सहा अन् राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार, आणि त्यासाठी सातबारा बाबांच्याच नावावर पाहिजे. योजना आली तेव्हाच अट होती, जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नावावर लागलेली पाहिजे, नंतर लागली तर फक्त मालक वारल्यावर वारसानं आलेली चालते. म्हणजे बापानं जिवंतपणी पोराच्या नावानं फेरफार करून दिला की बापाचा हप्ता जाते अन् पोरालेही मिळत नाही. मग कोणता बुढा सातबारा सोडेल?

यात मरण लहान भावाचं. राबतो तो, पण पीक कर्ज बाबांच्या नावानं, विमा बाबांच्या नावानं, कापसाचा चुकारा बाबांच्या खात्यात. कर्ज नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं भरून नवं उचलायचं म्हटलं की बाबांना गाडीवर बसवून तालुक्याले न्यायचं. माझ्या मते पैशाच्या दोन हप्त्यांपेक्षा पोराले वेळेवर मालक करणं जास्त गरजेचं आहे, चाळिशीपर्यंत बापाले विचारूनच डवरा-फवारा करायचा म्हणजे काय?

फवारणी बाबांनी सोडली, हे एक बरं केलं. हरभऱ्याची जागल, म्हणजे रातची राखण, मात्र सोडत नाहीत, डुकरं पडतात म्हणे.

मागच्या महिन्यात हिंमत करून म्हटलं, बाबा, निम्मं वावर तरी धाकट्याच्या नावानं करून टाका. तर म्हणे, "आधी तुयी पेन्शन किती बसते ते सांग, मंग पाहू."