होक्काइदोच्या थंडीत: तांचो क्रौंच आणि समुद्री गरुड

जपानच्या उत्तरेकडचं बेट होक्काइदो. तिथल्या त्सुरुइ गावातल्या ओतोवा पुलावर पहाटे साडेपाचला पोचलो तेव्हा उणे १८ तापमान होतं आणि पुलाचा कठडा ट्रायपॉडनी आधीच भरलेला. ‘इतक्या थंडीत कोण मरायला येतंय’ म्हणत आदल्या रात्री निवांत झोपलो होतो, त्याचं हे फळ. दोन जपानी आजोबांच्या मधल्या फटीतून सगळं पाहिलं.

खाली सेत्सुरी नदी. झऱ्यांच्या पाण्यामुळे ती गोठत नाही, म्हणून तांचो, म्हणजे डोक्यावर लाल ठिपका असलेले क्रौंच, रात्रभर उथळ पाण्यात उभे राहतात. उजाडायला लागलं तशी पाण्यावरची वाफ गुलाबी झाली आणि मघापर्यंत दगड वाटत होते त्यांना माना फुटल्या.

जपानमधून हे पक्षी संपले असं धरलं गेलं होतं. १९२४ मध्ये कुशिरोच्या दलदलीत थोडे सापडले. पुढे १९५० च्या दशकात कडक थंडीत गावकऱ्यांनी मका घालायला सुरुवात केली आणि आज संख्या हजाराच्या वर आहे. त्सुरुइ गावातल्या अभयारण्यात दुपारी ते अगदी जवळून दिसतात. जोडी एकत्र ओरडते तेव्हा नराची एक हाक, मादीच्या दोन. आणि प्रत्येक हाकेबरोबर चोचीतून वाफेचा छोटा ढग. दुर्बीण खाली ठेवून नुसतं बघावं असं दृश्य.

तिथून समुद्री गरुडांसाठी राउसु हे किनाऱ्यावरचं गाव, गाडीने तीन तास धरा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, भारतातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, हिवाळी टायर असतातच. तरी पाचच्या आत मुक्कामी पोचा. काळोखात हरणं रस्त्यावर येतात. नकाशात जवळचा दिसणारा शिरेतोको घाट हिवाळाभर बंद असतो, त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

राउसुला दोन रात्री हव्यातच. आमची पहिली बोटफेरी वाऱ्यामुळे रद्द झाली. दुसऱ्या दिवशी कुनाशिरी बेटामागून सूर्य वर आला आणि तरंगत्या बर्फावर स्टेलर समुद्री गरुड बसलेले: अडीच मीटरपर्यंत पंखविस्तार, नारळ सोलायच्या कोयत्यासारखी पिवळीधमक चोच. बोटवाले मासे फेकतात. भिगवणला रोहितांच्या अंगावर होडी घालणाऱ्यांना नावं ठेवणारा मी, इथे मात्र गपचूप फोटो काढत होतो. हे खटकलं, लिहून ठेवतो. बर्फ आलाच नाही तर हेच गरुड बंदराच्या भिंतीवरही दिसतात.

बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करा आणि तासभर उघडू नका. मी उघडला आणि लेन्सच्या आतपर्यंत दव धरलं. हातमोजे दोन थरांचे. ‘काइरो’ नावाच्या गरम पुड्या कुठल्याही दुकानात मिळतात, बुटातल्या वेगळ्या मागा. शाकाहाऱ्यांनो, साध्या दिसणाऱ्या सुपातही माशाचा अर्क असतो. मेतकूट न्या, भात सगळीकडे मिळतो.