पेल्याबाहेरचे पाणी : आमच्या निरीक्षणवर्गाची पावसाळी नोंद

सोसायटीतील पाच ते सात वर्षांच्या मुलांबरोबर रविवारी सकाळी चालणाऱ्या आमच्या निरीक्षणवर्गात उन्हाळ्यात सावल्या झाल्या, बुडणे-तरंगणे झाले, आणि जूनमध्ये पुण्याची हवा दमट होताच मुक्काम पडला तो स्टीलच्या एका साध्या पेल्यावर. सावल्यांविषयी एवढेच सांगतो की, काठीच्या सावलीचे टोक ठरावीक वेळाने खडूने खुणावण्यापलीकडे या वयात जाण्याची गरज नाही. पृथ्वी फिरते की सूर्य, हा विषय मोठ्यांनी काढला की मुलांचे जमिनीवरचे लक्ष उडते. पेल्याचे प्रकरण मात्र सविस्तर नोंदवण्याजोगे आहे.

पेला बर्फाच्या पाण्याने निम्मा भरून वर ताटली झाकली आणि मुलांच्या हाती भिंगे दिली. आधी धातूची चकाकी मंदावली, मग बारीक धुरकट थर दिसू लागला, त्यातून टाचणीच्या डोक्याएवढे थेंब वेगळे झाले, शेजारचे दोन थेंब एकमेकांत मिसळले आणि जड झालेला थेंब खाली घसरताना मागे स्वच्छ, चकचकीत वाट सोडून गेला. थोड्याच वेळात त्या वाटेवरही पुन्हा धुरकटपणा जमला. हे सारे काही मिनिटांत घडते; पण ते दिसण्यासाठी प्रश्न कोणता विचारायचा, यावर बरेच अवलंबून असते. ‘पाणी का आले?’ असे विचारले की मुले आपल्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर शोधतात, आणि ‘पाणी कुठपर्यंत आले?’ असे विचारले की पेल्याकडे पाहतात. म्हणून सध्या मी ‘का’ जवळजवळ बंद ठेवला असून कुठे, कुठपर्यंत, आधी काय, मग काय, एवढ्यावरच भर दिला आहे.

‘कुठपर्यंत’ या प्रश्नाचे फळ लगेच मिळाले. एका मुलीने ताटली उचलून आत डोकावले, मग बाहेरून बोट लावले, आणि आत पाणी जिथवर आहे जेमतेम त्याच्या बोटभर वरपर्यंतच बाहेर ओल आहे, वरचा भाग कोरडा आहे, असे दाखवून दिले. काठोकाठ भरलेल्या पेल्यात ही रेषा मिळत नाही, त्यामुळे पेला निम्माच भरावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

या रेषेमुळे मुलांचा तर्क उलट पक्का झाला. आतले पाणी बाहेर झिरपते, असेच बहुतेकांचे म्हणणे होते, आणि ते खोडून काढण्याऐवजी मी त्याची परीक्षा घेण्याचे साहित्य पुढे ठेवले : बाहेरून नीट पुसलेला पेला आणि त्यात बर्फ घातलेले कोकमाचे सरबत. बाहेरचे थेंब रंगहीन निघाले. तरीही एकाचे समाधान झाले नाही, त्याने थेंब बोटावर घेऊन चाखला आणि ‘आंबट नाहीये’ असा निकाल दिला. पुढे स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर झाकलेला पेला ठेवला, तेव्हा अर्ध्या तासात एक-दोन ग्रॅमची भर पडलेली दिसली. आकडे वाचता येणाऱ्या मुलांना ही वाढ पटते. त्याहून लहानांना सरबतच पुरते.

खरी गंमत माठाची आहे. माठही बाहेरून ओला असतो, पण तिथे पाणी खरोखरच भाजक्या मातीच्या छिद्रांतून बाहेर येते आणि वाळते, व वाळताना माठाला थंड करते. म्हणजे मुलांचा झिरपण्याचा तर्क चुकीच्या भांड्याला लावलेला बरोबर तर्क होता. एप्रिलमध्ये पाण्याने भरलेले छोटे मडके काट्यावर ठेवले होते, तेव्हा त्याचे वजन उतरत गेले होते. त्या कोरड्या हवेत माठातल्या पाण्याचा पेला मात्र बाहेरून कोरडाच राहिला होता. आता पावसाळ्यात हवेत बाष्प भरपूर असल्याने दवबिंदूचे तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते, वर गेले आहे आणि पेला लगेच पाझरल्यासारखा दिसतो, तर माठाचे पाणी पूर्वीसारखे गार होत नाही. दोन्ही ऋतूंतील मुलांची चित्रे मी जपून ठेवली आहेत आणि ती शेजारी शेजारी मांडून फरक शोधण्याचे काम मुलांनाच देतो. बाष्प, संघनन (बाष्पाचे पाणी होणे) हे शब्द मी अजून उच्चारलेले नाहीत. पाणी पेल्याच्या आतून आलेले नाही, एवढ्यावर हा गट पोहोचला आहे आणि या वयाला तेवढे पुष्कळ आहे, असे माझे मत आहे.

नोंदींबाबत एक गोष्ट. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले स्वतः प्रयोग करून निरीक्षणे स्वतःच्या शब्दांत लिहीत. पण ती सहावी ते आठवीची मुले होती. पाच वर्षांच्या मुलासाठी चित्र हीच नोंद. पहिले चित्र पेला न पाहता काढून घ्यावे, दुसरे पेला समोर ठेवून. पहिल्यात थेंब सर्वत्र सारख्या आकाराचे आणि पावसासारखे टोकदार असतात. दुसऱ्यात लहान-मोठे, चपटे थेंब येतात, घसरल्याची वाट येते, आणि कोणीतरी कोरडा भाग मुद्दाम पांढरा सोडतो. पालकांनी चित्र ‘सुंदर’ करण्यासाठी हात लावू नये, हे दर वेळी सांगावे लागते.

पुढच्या टप्प्यात कुटलेल्या बर्फात त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढे जाडे मीठ मिसळून पातळ पत्र्याचा डबा भरणार आहे. कुल्फी गोठवण्याची ही जुनी युक्ती मिश्रणाला शून्याच्या बऱ्याच खाली नेते, त्यामुळे डब्याच्या बाहेर थेंबांऐवजी पांढरे हिम धरते. त्या डब्याला ओले बोट चिकटू शकते, म्हणून इथे स्पर्शाऐवजी भिंगानेच पाहायचे, आणि ओरखड्यासाठी आइस्क्रीमची लाकडी काडी द्यायची. कोणी हा प्रयोग याच वयोगटाबरोबर केला असेल, तर मुलांनी हिम आणि थेंब यांचा परस्परांशी संबंध आपणहून जोडला का, हे अवश्य कळवावे.